हमसचे वाटण आणि परवडणारे यंत्र : स्वयंपाकघरातील मिक्सरच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

यंत्रयुगाच्या इतिहासाची चर्चा प्रामुख्याने कापडगिरण्या, रेल्वे, तारायंत्र आणि छापखाना यांच्या अनुषंगाने होत आली आहे. त्या मानाने स्वयंपाकघरातील यंत्रांकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात घरगुती उपकरणांमुळे स्त्रियांचे काम अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाही, असे प्रतिपादन केले. भारताच्या संदर्भात डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' या ग्रंथात शिलाई यंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या दैनंदिन यंत्रांचा विचार केला. या परंपरेत घरातील मिक्सर या यंत्राला स्वतंत्र स्थान मिळणे आवश्यक आहे. कारण शहरी आणि निमशहरी महाराष्ट्रात पाटा-वरवंट्याची जागा त्याने एका पिढीच्या काळात घेतली.

प्रस्तुत लेखासाठी 'हमस' या पश्चिम आशियाई पदार्थाचे उदाहरण हेतुपूर्वक निवडले आहे. शिजवलेले काबुली चणे, तिळाची ताहिनी, लिंबाचा रस, लसूण आणि मीठ यांपासून होणारा हा पदार्थ आता महाराष्ट्रातील शहरी घरांतही केला जातो. १९४८ नंतर कोकण-मुंबईतून इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या भोवतालात तर तो नित्याचाच आहे. हमस दिसायला साधा, परंतु यंत्राची परीक्षा पाहणारा पदार्थ आहे. त्यात पाणी थोडे, घट्टपणा अधिक आणि बारीकपणाची अपेक्षा मोठी असते. त्यामुळे 'हमससाठी परवडणारे यंत्र कोणते घ्यावे' हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न यंत्रांच्या इतिहासाकडे घेऊन जातो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) हमसच्या वाटणासाठी वापरल्या गेलेल्या साधनांची ऐतिहासिक वाटचाल पाहणे.
२) ब्लेंडर, फूड प्रोसेसर, पुरणयंत्र आणि भारतीय मिक्सर यांची मूळ प्रयोजने तपासणे.
३) 'स्वस्त' आणि 'परवडणारे' या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करून निवडीचे निकष मांडणे.

१. क्रियापदांचा साक्षीपुरावा

मराठी भाषेत धान्य आणि मसाल्यावरील प्रक्रियांसाठी वेगवेगळी क्रियापदे रूढ आहेत. धान्य जात्यावर दळले जाते, भात उखळात कांडला जातो, दाणे खलबत्त्यात कुटले जातात, ओले खोबरे पाट्यावर वाटले जाते, भिजवलेले तांदूळ-डाळ रगड्यावर रगडली जाते आणि ताक रवीने घुसळले जाते. प्रत्येक क्रियापदामागे एक साधन आहे आणि प्रत्येक साधनामागे बलाचा एक वेगळा प्रकार आहे. कुटण्यात आघात, दळण्यात दोन दगडांमधील घर्षण, वाटण्यात दाब आणि घर्षण यांचा संयोग, तर घुसळण्यात द्रवाला दिलेली गती असते.

विजेच्या यंत्राच्या आगमनानंतर ही सर्व क्रियापदे बोलण्यात 'मिक्सरला लावणे' किंवा 'मिक्सरमधून काढणे' या एकाच प्रयोगात मिसळली. भाषेतील हा बदल सोयीचा असला तरी त्यामुळे यंत्रनिवडीचा मूळ प्रश्न झाकला गेला. विकत घेतले जाणारे यंत्र नेमके कोणते क्रियापद पार पाडण्यासाठी घडवले गेले, हा तो प्रश्न होय. हमसपुरते त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. हमस वाटावे लागते, ते घुसळून होत नाही.

२. दगडी साधनांचा काळ

हरभऱ्याच्या लागवडीचा उगम आजच्या आग्नेय तुर्कस्तान आणि त्यालगतच्या सीरियाच्या प्रदेशात मानला जातो. तेराव्या शतकातील सीरिया आणि इजिप्तमधील अरबी पाकग्रंथांत शिजवून ठेचलेल्या चण्यांचे थंड पदार्थ आढळतात. त्यांत व्हिनेगर किंवा लिंबू, तेल, मसाले, सुगंधी पाने आणि सुक्या मेव्याची पूड यांचा उपयोग होत असे. ते आजच्या हमसशी तंतोतंत जुळत नाहीत. तथापि चणे मऊ शिजवून त्यांचा लगदा करणे आणि त्यास आंबटपणा व स्निग्धता देणे ही मूळ कल्पना त्यांत स्पष्टपणे दिसते.

हे काम उखळ-मुसळ वा खलासारख्या साधनांनी होत असे. लेबनॉन-सीरिया भागात 'किब्बे' या मांसाच्या पदार्थासाठी 'जुर्न' नावाचे मोठे दगडी उखळ वापरले जात असे आणि त्याच्या आघातांचा आवाज गावजीवनाचा भाग होता. महाराष्ट्राचे चित्र या बाबतीत फार वेगळे नव्हते. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांत दगडी पाटे आणि घासण्याचे दगड मिळाले आहेत. पुढील काळात जाते आणि पाटा-वरवंटा ही साधने जवळजवळ प्रत्येक घरात होती. जात्यावरील श्रमांतून ओव्यांची परंपरा निर्माण झाली. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी महाराष्ट्रात संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. यावरून या श्रमाचे स्त्रीजीवनातील स्थान ध्यानात येते.

आर्थिक दृष्टीने पाटा हे अत्यंत परवडणारे साधन होते. एकदा घेतलेला पाटा पिढ्यान् पिढ्या टिकत असे. त्याचा आवर्ती खर्च म्हणजे गुळगुळीत झालेल्या पाट्याला 'टाकी लावून' घेणे एवढाच होता. छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा खरबरीतपणा आणून देणारे कारागीर दारोदार फिरत असत. म्हणजेच साधनाबरोबर त्याच्या दुरुस्तीची व्यवस्थाही समाजात उपलब्ध होती. पाट्याची खरी किंमत पैशांत नव्हे, तर वाटणारीच्या मनगटात, पाठीत आणि वेळेत मोजली जात होती. ही किंमत कोणत्याही हिशेबवहीत नोंदवली जात नसल्याने ती दीर्घकाळ अदृश्य राहिली.

३. ब्लेंडर : पेयांसाठी घडलेले यंत्र

ब्लेंडरचा जन्म वाटणासाठी झालेला नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथे स्टीफन पोप्लाव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते असलेल्या पेयमिश्रकाच्या एकस्वासाठी १९२२ मध्ये अर्ज केला. माल्टयुक्त दुधाची पेये तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पुढे फ्रेड ओसियस यांनी या कल्पनेत सुधारणा केल्या. लोकप्रिय वाद्यवृंदप्रमुख फ्रेड वेअरिंग यांनी त्यांना अर्थसाहाय्य केले. १९३७ मध्ये हे यंत्र शिकागो येथील उपाहारगृह व्यवसायाच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्याची किंमत २९.७५ डॉलर होती. पुढे ते 'वेअरिंग ब्लेंडर' या नावाने प्रसिद्धीस आले. उपाहारगृहे, मद्यगृहे आणि रुग्णालये येथे त्याचा प्रसार झाला. १९५२ मध्ये हर्षे आणि चेस यांनी डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचे दर्शवणारा जो प्रयोग केला, त्यातही जिवाणूंच्या पृष्ठभागापासून विषाणूंची कवचे सुटी करण्यासाठी याच यंत्राचा उपयोग झाला होता.

या पूर्वेतिहासाचा ठसा यंत्राच्या रचनेवर कायम राहिला. उंच, तळाकडे निमुळते होणारे भांडे आणि तळाशी लहान पाते ही रचना द्रवात भोवरा निर्माण करण्यासाठी आहे. भोवऱ्याबरोबर पदार्थ वरून खाली पात्याकडे ओढला जातो. परंतु घट्ट लगद्यात भोवरा तयार होत नाही. पात्याभोवती हवेची पोकळी निर्माण होऊन पाते मोकळेच फिरते आणि वरचा पदार्थ जागच्या जागी राहतो. हमस करताना अशा वेळी पाणी वाढवले जाते. मग यंत्र चालते, परंतु हमस पातळ होते. येथे पाककृतीला यंत्रासमोर नमते घ्यावे लागते. केवळ किंमत कमी म्हणून घेतलेल्या सरबत-मिल्कशेकच्या लहान ब्लेंडरबाबत हाच अनुभव येतो. तो यंत्राचा दोष नसून त्याच्या मूळ प्रयोजनाचा परिणाम आहे.

४. फ्रेंच परंपरा आणि पुरणयंत्र

घट्ट लगद्याच्या प्रश्नाला फ्रान्समध्ये दोन वेगळी उत्तरे मिळाली. पहिले उत्तर विजेविना होते. ज्यां माँतले यांनी १९३२ मध्ये उकडलेल्या भाज्यांचा लगदा करणारी हाताने फिरवण्याची चक्की बाजारात आणली. तिच्या यशातूनच पुढे 'मुलिनेक्स' हा उद्योग उभा राहिला. दुसरे उत्तर पिएर व्हर्दाँ यांचे होते. १९६० च्या दशकात त्यांनी उपाहारगृहांसाठी 'रोबो-कूप' हे यंत्र विकसित केले आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याची 'मॅजिमिक्स' ही घरगुती आवृत्ती आली. कार्ल सोन्थायमर यांनी १९७३ मध्ये याच धर्तीचे यंत्र 'क्विझिनार्ट' नावाने अमेरिकेत सादर केले. रुंद भांडे, तळालगत फिरणारे मोठे वक्र पाते आणि तुलनेने कमी गती हे या फूड प्रोसेसरचे विशेष होत. त्यात घट्ट पदार्थही फिरत राहतो. त्यामुळे हमससाठी ते सोयीचे ठरले. मात्र त्याची किंमत आणि त्याने व्यापलेली जागा या दोन बाबी सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिल्या.

माँतले यांच्या चक्कीचे तत्त्व मराठी वाचकाला अपरिचित नाही. छिद्रांची जाळी, तीवर दाबून फिरणारे तिरपे पाते आणि हाताचा दांडा ही पुरणयंत्राचीच रचना होय. शिजवलेल्या हरभरा डाळीचे पुरण आणि शिजवलेल्या चण्यांचे हमस हे पदार्थ चवीने परस्परविरुद्ध असले, तरी यंत्राच्या दृष्टीने ते सख्खे शेजारी आहेत. दोन्हींत एकाच कुळातील कडधान्याचा, कमी पाण्याचा, गुठळी नसलेला लगदा अपेक्षित असतो. पूर्वी पाट्यावर वाटले जाणारे पुरण जाळीच्या यंत्राने सुलभ झाले. मऊ शिजलेले काबुली चणे त्याच यंत्रातून काढल्यास सालींचा बराचसा भाग जाळीवर राहतो आणि खाली मुलायम लगदा मिळतो. त्यात तयार ताहिनी आणि लिंबाचा रस हाताने फेटून मिसळता येतो. विजेवाचून चालणारे, जळण्याजोगी मोटार नसलेले आणि अनेक घरांत आधीपासून असलेले हे साधन हमसच्या संदर्भात सहसा विचारात घेतले जात नाही, ही लक्षणीय बाब आहे. त्याची मर्यादा एवढीच की, तीळ वाटून ताहिनी करण्याचे काम त्याच्याकडून होत नाही.

५. भारतीय मिक्सर : दुरुस्तीच्या प्रश्नातून निर्माण झालेले यंत्र

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील परकीय चलनाच्या टंचाईनंतर भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक नियंत्रणे आली. विदेशी बनावटीचे मिक्सर मोजक्या घरांत होते. युरोपीय स्वयंपाकासाठी तयार झालेल्या या यंत्रांच्या मोटारी भिजवलेली डाळ, खोबरे, हळकुंड यांच्या भाराने तापत आणि जळत. सुटे भाग व दुरुस्ती यांची सोय नसे. मुंबईतील सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्स कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा ब्राऊन बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि तो येथे दुरुस्त होऊ शकला नाही, या प्रसंगातून भारतीय स्वयंपाकाला साजेसे यंत्र करण्याची प्रेरणा मिळाली, असे या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. १९६३ मध्ये 'पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस' ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या मिक्सरचे 'सुमीत' हे नाव घरोघरी पोहोचले. या नावाचे मोल पुढे एवढे वाढले की, त्याच्या वापराच्या हक्काविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यावर १९९४ मध्ये निर्णय झाला.

रचनेच्या दृष्टीने हा मिक्सर ब्लेंडरची केवळ प्रतिकृती नव्हता. अधिक शक्तीची मोटार, काचेऐवजी पोलादी भांडी, आणि ओल्या, कोरड्या व पातळ कामांसाठी वेगवेगळी भांडी व पाती हे त्याचे वैशिष्ट्य होय. क्रियापदांच्या भाषेत सांगावयाचे, तर एकाच मोटारीवर घुसळणे, वाटणे आणि कुटणे यांची स्वतंत्र भांडी बसवण्यात आली. त्यांतील लहान 'चटणीचे भांडे' हे पाट्याचे थेट वारसदार ठरले. त्याचा व्यास लहान आणि पाते तळाशी अगदी लगत असल्याने थोड्या पाण्यातही वाटण पात्याखाली येते.

दक्षिण भारतात याच्याशी समांतर विकास झाला. कोइमतूर येथे पी. सभापती यांनी १९५५ मध्ये इडली-डोशाच्या पिठासाठी विजेचा दगडी रगडा तयार केला. चेन्नईत १९७८ मध्ये 'प्रीती' हे उत्पादन सुरू झाले आणि २०११ मध्ये ते फिलिप्स या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेले. त्याच वर्षी तामिळनाडू शासनाने मिक्सर, रगडा आणि पंखा विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. वाटणाचे श्रम हा खाजगी नव्हे, तर सार्वजनिक धोरणाचा विषय असू शकतो, याची ती कबुली होती. त्या योजनेच्या राजकीय हेतूंविषयी मतभेद असू शकतात. परंतु मिक्सर ही चैनीची वस्तू राहिली नाही, हे त्यातून अधोरेखित झाले.

६. श्रमाचा हिशेब

मिक्सरमुळे वाटणाचा वेळ तासावरून मिनिटांवर आला, हे निर्विवाद आहे. तथापि कोवान यांचे प्रतिपादन येथेही काही अंशी लागू पडते. वाटण सोपे झाल्यावर रोजच्या जेवणातील वाटणाच्या पदार्थांची अपेक्षा वाढली. पूर्वी सणावारी होणारे पदार्थ आठवड्याला होऊ लागले आणि अन्य प्रांतांचे, अन्य देशांचे पदार्थ घरात आले. हमस हे त्याचेच एक उदाहरण होय. यंत्राची भांडी धुणे, पात्याखाली अडकलेला लगदा काढणे ही नवी कामे बहुतांशी स्त्रीकडेच राहिली. यंत्र घेण्याचा निर्णय आणि त्यासाठीचा पैसा मात्र अनेक घरांत अन्य कोणाकडे असे. परिणामी जाहिरातीतील वॅट, भांड्यांची संख्या आणि सवलत यांना महत्त्व मिळाले. भांडे किती जड आहे, झाकण एका हाताने लागते की नाही, आवाज किती होतो, हे वापरणारीचे प्रश्न खरेदीच्या वेळी मागे पडले.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे घरगुती हमससाठी यंत्र निवडताना पुढील बाबी विचारात घेणे इष्ट ठरते.

पहिली बाब भांड्याची. पाव किलो कोरडे काबुली चणे भिजून-शिजून दुपटीहून अधिक वजनाचे होतात. ताहिनी आणि लिंबाचा रस धरून एकूण लगदा पाऊण किलोच्या आसपास जातो. सुमारे ४०० मिलिलिटरच्या चटणीच्या भांड्यात हे काम दोन-तीन खेपांत होते, तर एक लिटरच्या ओल्या वाटणाच्या भांड्यात ते एका खेपेत होऊ शकते. दीड लिटरचे उंच भांडे पातळ पदार्थांसाठी असल्याने त्याचा येथे उपयोग नाही. म्हणून भांडी किती यापेक्षा कोणती, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

दुसरी बाब शक्तीची. बाजारात ५०० ते ७५० वॅटचे मिक्सर सर्रास मिळतात. चणे पुरेसे मऊ शिजवलेले असल्यास ५०० वॅटची मोटार हमससाठी पुरते. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास साली लवकर सैल होतात आणि मोटारीवरील भार घटतो. अधिक शक्तीची खरी गरज ताहिनीसाठी तीळ वाटताना किंवा हळद-मसाल्यासारख्या कठीण पदार्थांना भासते. विजेच्या खर्चातील फरक नगण्य आहे. रोज १० मिनिटे वापर धरल्यास ७५० वॅटच्या यंत्राला महिन्याला सुमारे पावणेचार युनिट, तर ५०० वॅटच्या यंत्राला अडीच युनिट वीज लागते.

तिसरी बाब सुरक्षिततेची. 'आयएस ४२५०' हे भारतीय मानक घरगुती मिक्सरसाठी आहे. त्यानुसार प्रमाणित यंत्रास प्राधान्य द्यावे. अतिभार झाल्यास मोटार आपोआप बंद करणारी कळ असावी. सलग न चालवता मधूनमधून विश्रांती देणे मोटारीच्या आयुष्यासाठी हितकर आहे. गरम चणे घट्ट झाकणाच्या भांड्यात फिरवल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडू शकते. म्हणून ते कोमट करून घ्यावेत.

चौथी आणि निर्णायक बाब दुरुस्तीची. मिक्सरमधील कपलर, बुश, कार्बन ब्रश आणि झाकणाची रबरी कडी हे भाग झिजणारच. ते जवळच्या बाजारात सुटे मिळतात का आणि पात्यांना धार लावून देणारा कारागीर आहे का, यावर यंत्राचे आयुष्य ठरते. दोन वर्षांत टाकून द्यावे लागणारे निम्म्या किमतीचे यंत्र आणि दहा वर्षे दुरुस्त होत राहणारे पूर्ण किमतीचे यंत्र यांपैकी दुसरेच परवडणारे आहे. पहिले केवळ स्वस्त आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यामागील विचार घरगुती मिक्सरलाही तितकाच लागू आहे.

निष्कर्ष

१) हमस हा 'वाटण्या'चा पदार्थ असून मूळ ब्लेंडर हे 'घुसळण्या'चे यंत्र आहे. या विसंगतीमुळेच स्वस्त ब्लेंडर हमससाठी अपुरा ठरतो.

२) वाटण, कूट आणि पेय यांसाठी स्वतंत्र भांडी देणारा भारतीय मिक्सर आयात नियंत्रण, स्थानिक आहार आणि दुरुस्तीचा अभाव या परिस्थितीतून घडला. मध्यम शक्तीचा असा मिक्सर हमससाठी सर्वसाधारण घराला पुरेसा आहे. तो घरात असल्यास केवळ हमससाठी नवे यंत्र घेण्याचे कारण उरत नाही.

३) तयार ताहिनी उपलब्ध असल्यास पुरणयंत्र हा सर्वांत कमी खर्चाचा आणि समाधानकारक पर्याय आहे.

४) पाटा परवडत होता, कारण टाकी लावणारा दारात येत होता. मिक्सर परवडतो, तो कपलर बदलून देणारा बाजारात असेपर्यंत. साधनाचे मूल्य त्याच्या दुरुस्तीच्या व्यवस्थेपासून वेगळे काढता येत नाही, हे दगडापासून मोटारीपर्यंतच्या या इतिहासाचे सार आहे. या व्यवस्थेची नोंद अद्याप पुरेशी झालेली नाही. गल्लोगल्लीच्या मिक्सर दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा आणि टाकी लावणाऱ्या कुटुंबांचा मौखिक इतिहास संकलित करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी निकडीचे कार्य आहे.